लाल पामाचा सातवा हिवाळा

भिलाईच्या नेहरू नगरातल्या नव्या घराच्या पोर्चमध्ये प्रेमानंद रामटेकेनं तीन फूट बाय तीन फुटाचा एक चौकोन मोकळा सोडायला लावला होता. चारी बाजूंनी चकचकीत टाइल्स आणि मधोमध उघडी माती. बाबुलाल मिस्त्रीला ते काही केल्या पटेना. खाली टाकी येणार आहे का, असं त्यानं दोनदा विचारून घेतलं. बायकोचं, आम्रपालीचं, म्हणणं होतं की स्कूटर नेमकी तिथंच उभी राहिली असती. प्रेमानंदचं सगळ्यांना एकच उत्तर होतं, इथं माझा पाम उभा राहील.

हा पाम साधासुधा नव्हता. नर्सरीवाले त्याला लिपस्टिक पाम म्हणतात. पानं चारचौघांसारखी हिरवी, पण पानांचे देठ आणि खोडाचा वरचा हातभर भाग लालभडक. पहिल्यांदा पाहणारा बोटानं घासून बघतो, कुणी ऑइलपेंट तर मारला नाही ना. मूळचा मलायाकडचा, दलदलीत वाढणारा. त्याला ऊन चालतं, पाणी रांजणानं ओतलं तरी चालतं, थंडी मात्र नावालाही चालत नाही. पारा पंधराखाली उतरला की मान टाकतो, दहाखाली गेला की गेलाच समजा. आणि भिलाईत पौषातल्या पहाटे पारा नऊवर येतो, कधी आठावर.

एवढं माहीत असून त्यानं तो आणला कशाला, हे कळायला तिथल्या पोलाद कारखान्यातल्या रेल मिलमध्ये जावं लागेल. प्रेमानंदनं चौतीस वर्षं तिथल्या भट्टीवर काढली. लोखंडाचे ओंडक्याएवढे ठोकळे भट्टीत तापवायचे, लाल झाले की पुढं ढकलायचे, पुढं लाटून त्यांचे रूळ व्हायचे. दार उघडलं की तो लाल रंग समोर यायचा. तिशी गेली, चाळिशी गेली, तरी दार उघडताना त्याच्या छातीत काहीतरी हलायचंच. पण जवळ जायची सोय नाही. वीस फुटांवरून भुवया जळतात.

मग सात वर्षांपूर्वी तो पाळीतल्या एका तेलुगू सोबत्याच्या मुलीच्या लग्नाला राजमंड्रीला गेला. लग्न दुपारी आटोपलं, गाडी संध्याकाळची होती, म्हणून सगळे नर्सऱ्या बघायला निघाले. एका सावलीच्या जाळीखाली तो वळला आणि जागीच थांबला. भट्टीतून नुकत्या निघालेल्या सळया कुणी मातीत रोवून ठेवल्या असाव्यात, तशी ती रोपं. तोच लाल. प्रेमानंदनं हात पुढं केला, भीतभीत देठाला लावला. गार होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो रंग त्याच्या हातात आला.

नर्सरीवाल्यानं गाव विचारलं. भिलाई म्हटल्यावर त्यानं रोप परत जागेवर ठेवलं. मोडक्या हिंदीत म्हणाला की तिकडं थंडी असते, एक हिवाळासुद्धा काढणार नाही, पैसे का वाया घालवता, साधा अरेका पाम घेऊन जा. प्रेमानंदनं हट्टानं तेच घेतलं आणि विशाखापट्टणमहून दुर्गपर्यंत रात्रभर गाडीत दोन गुडघ्यांत धरून आणलं. दर फेब्रुवारीत तो त्या नर्सरीवाल्याला पामाचा फोटो पाठवायचा. खाली एकच शब्द, "जिंदा". तिकडून जोडलेले हात यायचे. असे सहा फोटो गेले होते.

सहा हिवाळे पाम सेक्टरमधल्या कंपनीच्या क्वार्टरमागं, परसातल्या जमिनीत उभा राहिला. शेजारच्या क्वार्टरची आणि याची मधली भिंत एकच, त्या भिंतीला लागून. प्रेमानंदनं त्याच्यासाठी बंदोबस्त केला होता. चार बांबू, त्यावर बारदान्याचा तंबू, आत शंभर वॉटचा बल्ब, देठाला लटकवलेला थर्मामीटर. पाळीप्रमाणे दिवसातून तीनदा पारा बघून तो वहीत लिहायचा. प्लांटच्या गेटवर लोक त्याला बायकोपोरांचं सोडून आधी तेच विचारायचे, रामटेके, लिपस्टिकवाली कशी आहे? तोही गंभीर चेहऱ्यानं आकडा सांगायचा, "आज तेरा."

पामाच्या सुखात एकच खोट होती, शेजारी. शेजारी म्हणजे तेजराम कापगते, मिलमधलाच, भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातला. माणूस लाखाचा. पण त्याच्या घरात बायकोचा, सिंधुताईचा, कायदा चालायचा. गॅस, गीझर सगळं असून ती मधल्या भिंतीला टेकलेल्या परसातल्या चुलीवर गुंडभर, म्हणजे मोठा हंडाभर, पाणी तापवायची. घरातले चारही जण तिथंच परसातल्या न्हाणीत आंघोळ करायचे, तेही पहाटे, गावाकडच्या सवयीनं. आणि त्या न्हाणीचं पाणी भिंतीच्या बुडाशी असलेल्या भोकातून इकडं यायचं, ते थेट पामाच्या बुडाशी मुरायचं.

साबणाचं पाणी झाडाला मारतं, असं प्रेमानंदनं तेजरामला सांगितलं. तेजरामनं बायकोकडं बोट दाखवलं. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात प्रेमानंदनं ते भोक सिमेंटनं बुजवून टाकलं. तिसऱ्या दिवशी सिंधुताईनं सब्बल, म्हणजे पहार, घेऊन ते होतं त्यापेक्षा मोठं केलं. पाणी काय डोक्यावर घेऊ का, एवढंच म्हणाली. त्यानंतर भांडण नाही झालं, पण पामावरून बोलणं निघालं की प्रेमानंदचं एक वाक्य ठरलेलं असायचं, शेजाऱ्याचं ते पाणी नसतं, तर आतापर्यंत दुप्पट झाला असता.

मग सप्टेंबरात तो रिटायर झाला. कंपनीच्या नियमानं क्वार्टर काही महिने ठेवता येतो, म्हणून घाई नव्हती. खरं तर पाम पावसाळ्यातच हलवायला हवा होता, हे त्यालाही कळत होतं. पण आधी ग्रिलचं काम अडलं, मग रंगाचं. आम्रपालीनं बजावलं होतं की अर्ध्या घरात पाय ठेवणार नाही. पुरं झालं की पौर्णिमेला बुद्धवंदना घेऊ, खीर करू आणि मगच सामान हलवू. पुरं झालं तेव्हा पुढची पौर्णिमा होती पौषाची.

पौषात कुणी घर बदलतं का, असं तेजराम म्हणाला. आम्रपालीनं सांगितलं की आमाले सगळ्या पौर्णिमा सारख्या. प्रेमानंदला महिन्याचं काही नव्हतं, पाऱ्याचं होतं. ऐन थंडीत मुळं उकरायची म्हणजे माणसाला आजारपणात अंथरुणातून उठवण्यासारखं. पण त्याच्याकडे उपाय होता आणि त्या उपायानं तो इतका खूश होता की आठ दिवस त्याला झोप नीट लागली नाही. त्यानं रसमड्याच्या एका भंगारवाल्याकडून तेलाचा लोखंडी ड्रम आणला होता. अर्धा कापून घेतला, बुडाला भोकं पाडली, बाहेरून हिरवा रंग दिला. मातीची कुंडी फुटते, प्लॅस्टिकची वाकते. लोखंडावर त्याचा विश्वास होता. फाल्गुनात ऊन तापलं की ड्रममधून काढून पाम चौकोनात लावायचा, तोपर्यंत तो ड्रममध्ये राहील, असा बेत ठरला.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारच्या उन्हात त्यानं आणि तेजरामनं पाम मातीच्या गोळ्यासकट उकरून काढला. चार लाल खोडं, माणसाच्या उंचीची. आम्रपालीची जुनी गोधडी त्याला गुंडाळली आणि छोटा हाथी टेम्पोत भांडीकुंडी, पलंग, कूलर यांच्या आधी त्याला चढवलं. प्रेमानंद मागं उभा राहून एका हातानं पाम धरून होता. सेक्टरच्या रस्त्यावर ओळखीचे लोक थांबून हात हलवत होते, आणि तो वरात निघाल्यासारखा सगळ्यांना उत्तर देत होता. संध्याकाळी वंदना झाली, खीर वाटली. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यानं आधी पाम दाखवला, मग घर.

पहिले चार दिवस पाम बरा होता. पाचव्या दिवशी सकाळी खालच्या पानाचं टोक तपकिरी दिसलं.

प्रेमानंदनं पोर्चला प्लॅस्टिक लावलं. आत बल्ब ठेवला. एक बल्ब कमी वाटला म्हणून दोन ठेवले. मग गरम हवेचा ब्लोअर आणला. पानांजवळ पारा बावीस दाखवत होता, बावीस म्हणजे राजमंड्री, तरी आठव्या दिवशी दुसरं पान गेलं, नवव्या दिवशी लाल देठांवर डाग पडले, जुन्या गंजासारखे. वहीत आकडे सगळे चांगले होते आणि झाड मरत होतं. भट्टीवर असं कधी झालं नव्हतं.

मुलगी संघमित्रा तिथंच जवळ एका कोचिंग क्लासात बायॉलॉजी शिकवायची. तिनं फोनवर शोधून सांगितलं की पामाचा जीव मधल्या सुईत असतो. सुई म्हणजे नवं पान, न उमललेलं, शेंड्यातून सरळ वर आलेलं. लोक ती सुई हलकेच ओढून बघतात. हाती आली तर आतून सडलंय, झाड संपलं. नाही आली तर आशा आहे.

"बाबा, एक बार खींचके देखूं का? हळूच."

"हात लावू नको," प्रेमानंद म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की तिनं हात मागं घेतला.

बघायचं तर होतं, पण ओढून नाही. त्यानं हत्यारांच्या पेटीतून पिवळा पेंट मार्कर काढला. मिलमध्ये रुळावर खूण करायला वापरतात तो. सगळ्यात उंच खोडाची सुई आणि तिच्या शेजारचा जुना देठ, दोन्हींवरून मिळून त्यानं एक आडवी बारीक रेघ मारली. देठ वाढणार नाही. सुई जिवंत असेल तर वर सरकेल आणि रेघ तुटेल. मेली असेल तर रेघ जशीच्या तशी सरळ राहील. त्या दिवसापासून तो सकाळी उठला की आधी चष्मा शोधायचा.

रेघ सरळ राहिली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस.

आम्रपालीनं स्कूटर चौकोनाच्या अगदी काठाला उभी करायला सुरुवात केली होती.

संक्रांतीला तेजराम आणि सिंधुताई तिळाचे लाडू घेऊन आले. रामटेक्यांकडे संक्रांत करत नसत, पण तीस वर्षं भिंतीवरून लाडू इकडं येत होते, ते आता ऑटोनं आले एवढंच. सिंधुताईनं पोर्चमधलं प्लॅस्टिक बाजूला सारून आत डोकं घातलं, पाम वरपासून खालपर्यंत पाहिला आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसली.

"काऊन भाऊजी, लिपस्टिकवाली इकडं येऊन काळवंडली का?" ती म्हणाली. "काळवंडनच न. आमच्या न्हाणीचं पाणी सुटलं तिचं. रोज पहाटे चार लोकायचं गरम पाणी पेत होती ते. इकडं कोण देते तिले?"

तिनं टोमणाच मारला होता. सहा वर्षांचा हिशेब होता तो, सव्याज. तेजराम हसला, आम्रपालीही हसली. प्रेमानंद मात्र लाडू तोंडाशी नेता नेता थांबला.

"वहिनी, तुमी आंघोळ किती वाजता करता?"

तेजरामचं हसू बंद झालं. "काय विचारून राहिला बे?"

"थांब न तू. वहिनी, सांगा."

सिंधुताईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. माणूस थट्टा करत नव्हता. "चारले मी. मंग सासूबाई. मंग हे, मंग पोरगा. साडेपाचले न्हाणी मोकळी."

चार ते साडेपाच. प्रेमानंदच्या वहीत सहा वर्षांचे आकडे होते आणि सगळ्यात खालचे आकडे नेमके त्याच वेळचे होते. हातातला लाडू तसाच घेऊन तो उठला, प्लॅस्टिकच्या आत शिरला आणि दुसरा हात त्यानं ड्रमला लावला. बाहेर दुपार होती, आत ब्लोअर घोंघावत होता, पानांजवळ पारा चोवीस होता आणि ड्रम बर्फाच्या लादीसारखा गार लागत होता. त्यानं मातीत बोट खुपसलं. मातीही तशीच.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दुःख असेल असं आम्रपालीला वाटलं. पण तो हसत होता, कपाळावर हात मारत होता आणि लाडवाचा चुरा सगळीकडे सांडत होता.

भट्टीवर नवा माणूस आला की प्रेमानंद त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचा. ठोकळा बाहेरून लाल दिसला की पोरं तो काढायची घाई करतात. तो काढला की रोलखाली फुटतो, कारण आत तो थंडच असतो. म्हणून लाल झाल्यावरही त्याला आतच ठेवायचं, आच पोटापर्यंत मुरू द्यायची. मिलमध्ये त्याला सोकिंग म्हणतात. चौतीस वर्षं तो हे घसा कोरडा करून सांगत आला होता.

"कातडी तापली म्हणून पोट तापलं असं नाही, हे मी पोरायले शिकवत होतो," तो म्हणाला. "आन् इथं मी पानायले ब्लोअर दाखवून राहिलो. मुळं लोखंडात गारठून राहिली. आपल्याच हातानं लोखंडात टाकलं मी तिले."

जमिनीत असताना खाली मातीची ऊब होती, भिंतीला टेकलेली चूल होती, आणि सगळ्यात थंड घटकेला मुळाशी कोमट पाणी येत होतं. बारदान्याच्या तंबूनं पाम जगवला नव्हता, बल्बनंही नव्हता. ज्या भोकावर त्यानं सिमेंट थापलं होतं, त्या भोकानं जगवला होता. हे त्यानं सिंधुताईसमोर मोठ्यानं सांगून टाकलं. तिनं पदर सारखा केला आणि तेजरामकडं असं पाहिलं की बघा, तुम्ही कधी म्हणालात असं.

प्रेमानंद लगेच बालटीभर गरम पाणी आणायला निघाला. सिंधुताईनं त्याला अडवलं. इतके दिवस गारठलेल्या मुळांवर एकदम गरम ओतलं तर उकडून निघतील. ऊब सावकाश द्यायला हवी, रात्रंदिवस. आणि ती कशी द्यायची हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला विचारावं लागत नाही.

"उकिरडा लावा," ती म्हणाली. "ताजं शेण न पैरा, ड्रमाच्या भोवताल. आमच्या गावी थंडीत कुत्री उकिरड्यावरच झोपते. आत हात घालून पाहा, भाजते."

पैरा म्हणजे भाताचा पेंढा. तो छत्तीसगडात हव्या त्या रस्त्याला मिळतो. शेण तेजरामच्या ओळखीच्या गोठ्यातून येईल, भिलाई-तीन या वस्तीतून. प्रेमानंदच्या डोक्यात तोवर सगळं चित्र उभं राहिलं होतं आणि तो खुर्चीत बसू शकत नव्हता. ज्या लोखंडानं थंडी आत नेली, तेच लोखंड आता ऊब आत नेईल. मातीची कुंडी असती तर आच अडली असती. ड्रम तर अशा कामासाठीच पाहिजे. म्हणजे ही आता भट्टीच झाली, फक्त बाहेरून आत तापणारी.

"माह्या नव्या टाइल्सवर शेण?" आम्रपाली म्हणाली.

तिनं तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं, मग पामाकडं, मग चौकोनाकडं.

"माघ पौर्णिमेपर्यंत," ती म्हणाली. "अठरा दिवस. त्या दिवशी सुई हालली नसन, त बाबुलालले बोलावून मी चौकोन बुजवीन. मंग तुमी काही म्हणायचं नाही."

प्रेमानंदनं कबूल केलं. कबूल करण्याखेरीज काही हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी छोटा हाथी पुन्हा आला, या वेळी शेण घेऊन. ड्रमखाली विटांचे दोन थर, त्याभोवती विटांचंच हातभर अंतरावर कडं, आणि मधल्या जागेत पैरा, शेण, पैरा, शेण, असं थर देत काठापर्यंत भरलं. वरून बारदाना. प्रेमानंदनं एक थर्मामीटर ढिगात खोचला, एक ड्रमच्या आत मातीत. कोचिंगची पोरं पोर्चसमोरून जाताना नाकाला रुमाल लावायला लागली. समोरच्या बंगल्यातल्या बाईंनी संघमित्राला विचारलं की तुमच्याकडे म्हैस आणली का.

पहिल्या दिवशी ढीग अठरा, माती तेरा. दुसऱ्या दिवशी ढीग पंचवीस. तिसऱ्या सकाळी ढीग एकेचाळीस, माती एकवीस. प्रेमानंदनं आधी तेजरामला फोन केला, मग आम्रपालीला उठवून तिचा हात धरून ढिगात घालायला लावला. बारदान्यातून वाफ निघत होती. त्याला वाटलं, भट्टीचं दार उघडलंय.

पाचव्या दिवशी मात्र ढीग साठावर गेला आणि माती चौतीसवर, आणि चढतच होती. आता मुळं शिजतात की काय. माकडटोपी घालून, हातात फावडं घेऊन प्रेमानंद शेण उपसू लागला, एकीकडचं काढ, दुसरीकडं पाणी मार, थर मोकळा कर. तासाभरात मातीचा आकडा तीसवर आला आणि दुपारपर्यंत सत्तावीसवर स्थिर झाला. घामानं निथळत तो ओट्यावर बसला. रिटायर झाल्यापासून इतकं बरं त्याला वाटलं नव्हतं. आता त्याला कळलं होतं की रोज किती पैरा घालायचा, किती काढायचा. सत्तावीसवर ठेवायचं, घाई करायची नाही, पोटापर्यंत मुरू द्यायचं.

राहिलं पहाटेचं कोमट पाणी. त्यासाठी त्यानं चारचा अलार्म लावला. पहिल्या दिवशी तो उठून पाणी तापवायला गेला तर बाथरूमचा दिवा लागलेला. आम्रपाली ओले केस पुसत बाहेर आली. तिच्या हातात अर्धी बालटी होती, वाफ निघणारी. ही बाई जन्मात सातच्या आधी न्हायली नव्हती.

"माही झाली आंघोळ," ती म्हणाली. "बालटी उरली होती. पाहा किती गरम आहे ते, नाहीत मंग मले बोल लावसान."

त्यानं मनगटावर थेंब घेऊन बघितला. बरोबर होतं.

आणखी एकही पान करपलं नाही. डाग वाढले नाहीत. पण रेघ सरळच होती. जानेवारी संपत आला तरी पिवळी रेघ सुईवरून देठावर जशी मारली तशीच, अखंड. संघमित्रा आता रेघेकडं बघायची नाही, बापाच्या तोंडाकडं बघायची आणि क्लासला निघून जायची. थंडीत गारठलेलं झाड जिवंत असलं तरी महिनाभर हलत नाही, असं तिनं एकदा सांगून ठेवलं. माघ पौर्णिमा महिनाभर थांबणार नव्हती.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी आम्रपालीनं बाबुलालला फोन केला. प्रेमानंदनं ते ढिगात पैरा घालता घालता ऐकलं. बोली झाली होती.

सकाळी नऊला बाबुलाल टाइल्सची पिशवी आणि थापी घेऊन आला. आम्रपालीनं त्याला आधी चहा दिला. प्रेमानंद पामापाशी उभा होता, चष्मा लावून, वाकून. बराच वेळ तो वाकलेलाच राहिला. मग त्यानं चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा लावला.

"संघमित्रा," त्यानं हाक मारली, "माह्या पेटीतलं व्हर्नियर आण."

मिलमध्ये रुळाची जाडी मोजायचं ते यंत्र. तिनं आणलं. त्यानं पानं बाजूला धरली आणि तिनं ते रेघेवर टेकवलं. देठावरची पिवळी रेघ जागेवर होती. सुईवरची तिच्या वर होती. मधे नव्या सालीची बारीक पट्टी दिसत होती, कोवळी, ओलसर.

"साडेतीन मिलिमीटर," संघमित्रा म्हणाली. "बाबा, साडेतीन. जिंदा है."

"पुन्हा मोज."

तिनं पुन्हा मोजलं. मग आम्रपालीनं तिच्याकडून यंत्र घेतलं. तिला ते वाचता येत नव्हतं, पण तिनंही ते रेघेवर धरून पाहिलं आणि मान हलवली. चहाचा कप घेऊन बाबुलाल मागं येऊन उभा राहिला होता. हे लोक एका काडीला काय मोजताहेत ते त्याला समजेना.

"त टाइल लगाबो के नइ लगाबो?" त्यानं छत्तीसगडीत विचारलं, लावायच्या की नाही.

आम्रपालीनं स्कूटरचं हँडल धरलं, स्टँड वर केला आणि गाडी ढकलत फाटकाजवळ नेऊन उभी केली. हेच तिचं उत्तर होतं.

प्रेमानंदनं बाबुलालच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पोर्चच्या भिंतीपाशी नेलं. पलीकडं बाथरूम होतं. टाइल्स राहू दे, म्हणाला, ही भिंत इथं बुडाशी फोड. न्हाणीचं पाणी गटारात जातं ते बंद करून या भोकातून चौकोनात आणायचं आहे. बाबुलालनं त्याच्याकडं, मग आम्रपालीकडं पाहिलं. महिन्याभरापूर्वी रंग दिलेली भिंत होती. आम्रपाली म्हणाली की फोडायचंच आहे तर आतल्या निळ्या टाइल्स वाचवून फोड.

"कतेक बड़े?" बाबुलालनं विचारलं, किती मोठं.

प्रेमानंदनं दोन हातांनी माप दाखवलं, मग कमी केलं, मग वाढवलं. त्याला खात्री वाटेना. शेवटी त्यानं खिशातून फोन काढला. सिंधुताईनं उचलला तेव्हा तिकडं मागं चुलीवर काहीतरी फुरफुरत होतं.

"वहिनी, सुई हालली," तो म्हणाला. "साडेतीन मिलिमीटर. आता एक सांगा, ते भोक किती इंचाचं होतं?"

"मले काय विचारता?" सिंधुताई म्हणाली. "बुजवलं तुमी होतं. किती सिमेंट लागलं ते आठवा न."

प्रेमानंद मोठ्यानं हसला आणि फोन कानाला तसाच ठेवून त्यानं बाबुलालला बोटांनी दाखवलं, चार इंच. तिकडून सिंधुताई म्हणाली की सब्बलीनं मी वाढवलं होतं, विसरू नका. त्यानं एक बोट आणखी उघडलं, पाच.

बाबुलालनं छिन्नी भिंतीला लावली.